माळेतले सूत

गळ्यातील तुळशीची माळ एकदा हातात घेऊन पाहावी. मणी मोजता येतात, मेरुमणी ओळखता येतो. कोणाची माळ परवा घातलेली आहे आणि कोणाची तीस वर्षांच्या घामाने काळी पडली आहे, हेही सांगता येते. पण हे सारे मणी ज्याच्या आधाराने गळ्यात राहिले आहेत, ते सूत कोणी पाहिले आहे काय? दोन मण्यांच्या मध्ये गाठीपुरते काय डोकावेल तेवढेच. माळ तुटली म्हणजे मात्र त्याची आठवण सर्वांस होते. मणी घरभर पळतात, पोरे खाटेखाली शिरतात, आणि माळकरी गृहस्थ भरल्या ताटावरून उठतो; कारण माळ गळ्यात नसता घास घ्यावयाचा नाही, हा त्याचा नेम. त्या वेळी घरात पहिला शोध कशाचा? मण्यांचा नव्हे, ते सापडतातच. आधी दोरा शोधतात.

श्रीभगवंतांनी गीतेच्या सातव्या अध्यायात हाच दृष्टांत घेतला आहे. सुतामध्ये मणी ओवावेत तसे हे सर्व जग माझ्या ठायी ओवलेले आहे, असा त्याचा भाव. माऊलींनी टीका करताना त्यात एक मौज केली. त्यांनी मणीही सोन्याचे केले आणि सूतही सोन्याचेच केले. असे का केले असावे? मणी लाकडाचे आणि सूत कापसाचे म्हटले तर दोन वस्तू झाल्या. मग कोणीही म्हणेल की देव आत आहे आणि जग बाहेर आहे, दोहोंची जात वेगळी. सोन्याच्या सुतात सोन्याचे मणी म्हटल्यावर हा तंटाच मिटतो. ओवणारे आणि ओवलेले एकाच धातूचे. माऊलींच्या अशा एका शब्दात अद्वैताचा सारा सिद्धांत येऊन बसतो, आणि आपण मात्र ओवी गोड लागली म्हणून मान डोलवून पुढे जातो. असो.

परंतु आज सोन्याच्या सुताकडून कापसाच्या सुताकडे यावयाचे आहे. मेहरूण येथे जे निरूपण झाले, त्यात श्रोत्यांनीच विषय तिकडे नेला, आणि ते बरे झाले. पुढील लेखन त्याचाच विस्तार आहे.

मेहरूण म्हटले की आपली मंडळी हटकून मेहूण समजतात, म्हणून आधी सांगून टाकतो. तापीकाठचे मेहूण ते मुक्ताबाईंचे, मुक्ताईनगर तालुक्यातले. तेथे आणि शेजारच्या कोथळीस आपण वैशाख वद्य दशमीला जातो. मेहरूण ते जळगावचे. मोठा तलाव आहे ते, आणि जेथील बोरे नावाजलेली आहेत ते. पूर्वी ते शहराबाहेरचे गाव होते. आता शहर त्याच्या भोवती येऊन बसले आहे. एका अंगाला औद्योगिक वसाहत वाढली. तरी जुन्या घरांतून पहाटे उठणारी माणसे आहेत, हरिपाठ आहे, आणि आश्विन-कार्तिकात काकडा आहे.

काकड्यावरूनच गोष्ट निघाली. एक वृद्ध माउली समोर बसल्या होत्या. मांडीवर कापसाची पुरचुंडी, बोटाला राख, आणि निरूपण ऐकता ऐकता हाताने वाती वळणे चाललेले. चातुर्मासात लक्ष वातींचा नेम धरणाऱ्या बाया खानदेशात पुष्कळ. मध्येच त्या म्हणाल्या, "बोवा, वाती वयता वयता नाव घेते मी. पन ध्यान समदं कापसातच जाते. मंग ते नाव देवाले पोचते का नाही?"

सभेत थोडे हसू झाले. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. चार शास्त्री एकत्र बसवले तरी तो चार दिवस पुरेल. काम करताना मन कोठे असावे? कामात असावे तर नाम कोरडे पडते. नामात असावे तर वात वाकडी होते, पोळी करपते, हिशेब चुकतो. संसारी माणसाला चोवीस तासांतील बावीस तास हीच अडचण आहे, आणि आम्ही बुवा लोक बहुधा उरलेल्या दोन तासांविषयी बोलत असतो.

त्या माउलीला उत्तर द्यावयाचे तर तिच्या हातातल्या वस्तूकडूनच जावे लागेल. म्हणून आधी कापूस पाहू.

बोंड फुटले की शेतकरी कापूस वेचतो. त्यात सरकी असते. जुन्या काळी घरोघरी दोन लाटांचा रेचा असे. त्यातून कापूस लोढीत. सरकी मागे पडे, रुई पुढे येई. मग पिंजारी धनुकलीच्या तातीने ती पिंजी. पिंजणे म्हणजे काय? एकमेकांत गुंतून बसलेले तंतू मोकळे करणे. मग त्या पिंजलेल्या रुईचे पेळू वळायचे, आणि पेळूतून चातीवर सूत काढायचे. देशी कापसाचा एक तंतू घ्या. तो इंचभरही लांब नसे. इतका नाजूक की फुंकरीने उडेल. अशा तंतूंचे हजार तुकडे शेजारी शेजारी ठेवले तरी त्यांचा दोरा होत नाही. ओढले की सुटतात. त्यांना पीळ दिला की ते एकमेकांना धरतात. सुतात गोंद नाही, गाठ नाही, खिळा नाही. आहे तो फक्त पीळ. चातीला टोक लावायचे, डाव्या हाताने पेळू मागे न्यायचा, उजव्या हाताने चरखा फिरवायचा. आणि जो धागा निर्माण होतो त्यावर माणसाची अब्रू झाकली जाते.

पीळ हा शब्द आपण वाईट अर्थी वापरतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे म्हणतो, आणि त्यात अहंकाराची निंदा असते. निंदा योग्यच आहे. पण कातणाऱ्या बाईला विचारा. ती सांगेल की पीळ कमी पडला तर सूत हातात तुटते, पीळ जास्त झाला तर ते स्वतःभोवतीच गुरफटते आणि त्याला अटी पडतात. दोन्हींच्या मधले प्रमाण बोटांना कळावे लागते. पुस्तकात लिहून ते कळत नाही. साधनेचेही असेच आहे. नेम ढिला ठेवला तर माणूस पहिल्या ओढीला सुटतो. नेम इतका आवळला की घरच्यांशी बोलणे तुसडे झाले, सुनेच्या हातचे पाणी चालेनासे झाले, तर तो पीळ स्वतःवरच गुंडाळला गेला असे समजावे. अशी उदाहरणे गावोगावी आहेत. नावे घेत नाही, वाचकांनी मनात घ्यावीत.

आणखी एक कारागिरी सांगतो. एकपदरी सुताचा पीळ मोकळे सोडले की उलगडू पाहतो. म्हणून मजबूत दोरा पाहिजे असेल तर दोन सुते एकत्र घेऊन त्यांना उलटा पीळ देतात. पहिला पीळ एका दिशेचा, दुसरा त्याच्या विरुद्ध दिशेचा. मग दोघे एकमेकांना सावरतात आणि दोरा शांत राहतो. माळेचे सूत असे पदरी असते, आणि जानव्याचेही. आपण सत्संग सत्संग म्हणतो, आणि आपल्यासारखीच माणसे जमवून बसतो. सगळ्यांचा पीळ एकाच दिशेचा. जो आपल्याला उलट बोलतो, चूक दाखवतो, त्याच्या संगतीत राहावयास कोणी तयार नसतो. संतमंडळींचे पाहा. नामदेवरायांचा अधिकार केवढा! पण त्यांची परीक्षा गोरोबाकाकांनी केली, आणि मडके कच्चे असे बोलणारी मुक्ताबाई वयाने सर्वांत धाकटी. नामदेव त्यावरून रुसले खरे. पण त्याच रुसण्यातून ते विसोबा खेचरांकडे गेले. उलटा पीळ बसला आणि दोरा पक्का झाला.

आता सुताचे कापड कसे होते ते पाहू, कारण त्या माउलीचे उत्तर तेथे आहे.

आपण सहज म्हणतो, अमक्याच्या अंगी भक्ती ओतप्रोत भरली आहे. शब्द पाणी ओतल्यासारखा वाटतो. त्याचा पाण्याशी संबंध नाही. तो विणकराचा शब्द आहे. आडवे-उभे दोन्ही बाजूंनी विणलेले, ते ओतप्रोत. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना भर सभेत हाच प्रश्न विचारते. हे सर्व पाण्यात विणलेले आहे, तर पाणी कशात विणलेले आहे? ते वायूत म्हटल्यावर, वायू कशात? असे एकामागून एक लोक ती उलगडीत जाते. याज्ञवल्क्य शेवटी म्हणतात, बाई, याच्या पुढे विचारू नकोस. ती थांबते, पण पुन्हा उठते, आणि दोन बाण धरून उभ्या राहिलेल्या वीरासारखी दोन प्रश्न टाकते. तेव्हा त्या अक्षरब्रह्माचे उत्तर मिळते, की ज्यात आकाशही विणलेले आहे. ब्रह्मविद्येच्या सभेत एका स्त्रीने मागाची भाषा वापरली. तिने कधी मागावर बसून पाहिले होते की नाही ते उपनिषद सांगत नाही. परंतु कापड कसे होते हे तिला चांगले ठाऊक होते एवढे नक्की.

मागावर दोन प्रकारचे धागे असतात. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. ताणा आधी लावायचा. त्याला खळ द्यायची, फणीतून एकेक धागा ओवून घ्यायचा, आणि दोन्ही टोकांनी ताणून बांधायचा. या कामाला विणण्यापेक्षा अधिक चिकाटी लागते, आणि पाहणाऱ्याला त्यात काहीच घडताना दिसत नाही. एकदा ताणा लागला की मग धोटा इकडून तिकडे पळतो, त्यात कांडीवरचे बाण्याचे सूत असते. विणकराचे डोळे धोट्यावर असतात, हात धोट्यावर असतात. ताण्याकडे तो पाहतो काय? फारसे नाही. पण धोट्याची प्रत्येक फेरी ताण्यातूनच जाते. ताण्यावाचून धोटा कितीही पळवा, कापड म्हणून काही होणार नाही; सुताचा गुंता होईल.

आता त्या माउलीला मी असे विचारले. "मायबाई, सकाळी उठल्यावर काय करता?" तर म्हणाल्या, काकडा असला तर देवळात जाते, नसला तर अंथरुणात बसून नाव घेते, मग चूल. "आणि रात्री?" तर हरिपाठ. मी म्हटले, मग तुमचा ताणा दोन्ही टोकांनी बांधलेला आहे. दिवसभर कापसात ध्यान जाते ते धोट्याचे ध्यान आहे. ते तेथेच गेले पाहिजे, नाही तर वात नीट होणार नाही. प्रत्येक वात त्या नामातूनच जाते आहे. तुम्हाला ते दिसत नाही इतकेच.

पण हे उत्तर येथेच सोडले तर घात होईल, कारण आळशी माणसाला ते फार आवडते. तो म्हणतो, छान झाले, माझेही कामात नाम चाललेलेच आहे. बाबा रे, ताणा कधी लावलास? लग्नातल्या गडबडीत एकदा माळ घातली, तेवढ्या ताण्यावर चाळीस वर्षे विणतो म्हणतोस? ताणा आपोआप लागत नाही. शिवाय तो तुटतो. विणता विणता उभा धागा तुटला की चांगला विणकर माग थांबवतो, तुटलेली दोन टोके शोधतो, सांधतो, आणि मगच पुढे जातो. त्याला घाई नसते असे नव्हे. मजुरी वारावर असली तर घाई असतेच. पण तुटका धागा तसाच टाकून विणले तर त्या जागी कापडात सरळ चीर दिसते, आणि ती गिऱ्हाइकाला पहिल्यांदा दिसते. नेम चुकला तर चुकलेल्या दिवशीच सांधावा. महिन्याने सांधू म्हटले तर टोके सापडत नाहीत.

नाम मोजावे की न मोजावे, असाही वाद आपल्यात आहे. चरखा संघाच्या काळात सुताची गुंडी ६४० तारांची धरीत, आणि एक तार चार फुटांची. म्हणजे एका गुंडीत अर्ध्या मैलाला थोडे कमी असे सूत झाले. एका तारेस एक नाम म्हटले तर ६४० नामे. सहा माळांना आठ कमी. असे मोजणारे कातकरी असत. मला मोजण्यात गैर काही दिसत नाही. दुकानदार पैसे मोजतो, बाई पोळ्या मोजते. नाम तेवढे मोजू नये हे कोणी ठरविले? मोजून झाल्यावर ते दुसऱ्याला सांगू नये, इतके पथ्य पुरे.

विणकर म्हटले की कबीर आठवणारच. वारकऱ्यांनी कबीरांना कधी परके मानले नाही. महिपतीबुवांच्या भक्तविजयात ते आपल्या संतांच्या पंक्तीला बसले आहेत. काशीचा जुलाहा, पंधराव्या शतकातला. देहाला त्यांनी चादर म्हटले, आणि ती न मळवता धन्याला परत करावी असे पद रचले, ते उत्तर हिंदुस्थानात घरोघर गातात. त्यांची एक कथा भक्तचरित्रांतून सांगितली जाते. कबीर विणलेले कापड घेऊन बाजारात उभे होते. एक दुबळा मनुष्य आला आणि अंग झाकावयास वस्त्र मागू लागला. कबीरांनी अर्धे फाडून देऊ केले. तो म्हणाला, अर्ध्याने भागत नाही. कबीरांनी सारे दिले. घरी पोरेबाळे उपाशी, आता कोणत्या तोंडाने जावे, म्हणून ते कोठेतरी लपून राहिले. इकडे भगवंत व्यापाऱ्याचे रूप घेऊन धान्याच्या गोण्या घेऊन त्यांच्या घरी गेला.

ही कथा सांगताना गोण्यांच्या ठिकाणी आमचे कीर्तनकार टाळ्या घेतात. घ्याव्यात. पण मला नेहमी वाटते की या कथेत एक गोष्ट सर्वांच्या नजरेतून सुटते. कबीर दिवसभर विणीत, तरी घरात उद्याचे धान्य नव्हते. एक कापड विकले गेले नाही तर चूल पेटत नव्हती. असे का होते? विणणारा आळशी नव्हता, व्यसनी नव्हता. कापडाची किंमत बाजारात कोण ठरवीत होते? त्याच्या श्रमाचे मोल त्याला पुरते मिळत असते तर देवाला गोण्या वाहण्याची पाळी आली नसती. देवाने केलेले ते कौतुक आहेच. पण माणसांनी जे द्यावयास हवे होते ते देवाला द्यावे लागले, ही त्या गावाला शोभणारी गोष्ट म्हणता येईल काय?

आपल्याकडचेच पाहा. वऱ्हाड-नागपूरकडे जाडेभरडे कापड विणणारे पुष्कळसे महार होते. त्यांनी विणलेले कापड गावाच्या अंगावर चालत असे, आणि विणणारा मात्र देवळाच्या पायरीच्या खाली. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर पायरीशी आहे, ती आपण रोज ओलांडतो. ते दार सर्वांस उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले. गुरुजी आपल्या खानदेशात काम केलेले कार्यकर्ते. अमळनेरच्या शाळेत त्यांनी सहा वर्षे मुले शिकविली. सोवळ्याला सूत चालते आणि सुताचा धनी चालत नाही, हे कोडे वेदान्ताने सुटत नाही.

खानदेशात कापूस आणि कापड यांचा संबंध जुना आहे. सतराव्या शतकात इंग्रजांनी धरणगावी वखार घातली ती इकडच्या कापडासाठी. पुढे काळ फिरला. विलायतेचे यंत्राचे सूत स्वस्त येऊ लागले, तेव्हा आधी कातणाऱ्या बायांची मिळकत गेली. विणकर काही काळ तेच परके सूत घेऊन विणीत राहिला, मग त्याचीही पाळी आली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि त्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. रेल्वे आली, गाठी मुंबईस जाऊ लागल्या. १८७० च्या दशकात जळगावात सूतगिरणी निघाली. पुढे अमळनेरास प्रताप शेठजींची निघाली. गिरणीच्या भोंग्यावर जळगावची दोन-तीन पिढ्यांची घरे उठली आणि जेवली. आता ती जळगावची गिरणीही राहिली नाही. तिच्या जागेवर दुकाने उभी आहेत. कापूस मात्र पिकतोच आहे. बियाणे बदलले, २००२ नंतर बीटी आले. शेतात सर्वत्र पांढरे आहे, आणि त्याच शेतकऱ्याच्या घरी वातीसाठी कापूस बाजारातून पाकिटात येतो. मेहरूणच्या त्या माउली मात्र परसातल्या देवकापशीचा वापरतात. झाड एकच आहे, पण वर्षाच्या वाती होतात.

जळगावचा विषय निघाला आहे तर बहिणाबाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. असोद्याची लेक, जळगावची सून. अक्षरओळख नाही, शेतात राबता राबता, जात्यावर बसता बसता गाणी म्हणे. मुलाने व नातेवाईकांनी ती टिपून ठेवली. १९५१ साली ती गेली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. सुगरण पक्ष्याच्या विणलेल्या खोप्यावर तिने गायले, ते शाळेतील प्रत्येक मुलाला पाठ असते. (पक्षी पाहणारे म्हणतात की तो खोपा नर विणतो. म्हणोत. सुगरण हा शब्द आता बदलणार नाही.) त्या बाईचे नाम देवाला पोचले की नाही, हा प्रश्न तिला कोणी विचारला असता तर तिने काय उत्तर दिले असते कोण जाणे, पण काम थांबवून दिले नसते खास.

निरूपण संपत आले तेव्हा मागे उभा असलेला एक तरुण पुढे आला. त्याने विचारले ते असे. "महाराज, आजीच्या वातीत देव आहे हे पटले. कबीराच्या मागावर राम बसला हेही पटले. मी औद्योगिक वसाहतीत चटईच्या कारखान्यात आहे. माग आहे, ताणा आहे, बाणा आहे. सूत मात्र प्लास्टिकचे. तार तुटला की जोडायचा, पाळी संपेपर्यंत तेच. रात्रपाळीला नामाचे भान राहत नाही. कानात यंत्राचा आवाज असतो. यात कोठे देव बसेल?"

ज्या चटईवर सभा बसली होती ती जळगावचीच. प्लास्टिकच्या चटयांसाठी जळगाव ओळखले जाते. येथून त्या दूरदूरच्या बाजारात जातात. म्हणजे कीर्तन-प्रवचनात आपण ज्याच्यावर तास तास बसतो ते या मुलाने किंवा याच्या सोबत्यांनी विणलेले. खाली कोणी पाहिले नव्हते.

मी त्याला गीतेच्या अठराव्या अध्यायातील गोष्ट सांगितली. आपापल्या कर्मानेच परमेश्वराची पूजा करून मनुष्य सिद्धीस जातो, असे भगवान म्हणतात. आणि माऊलींनी तेथे कर्मांची फुले केली आहेत. फूल कोणत्या झाडाचे, हा प्रश्न भगवंतांनी तेथे काढलेला नाही. कापसाचे सूत पवित्र आणि प्लास्टिकचे अपवित्र असा भेद त्या वचनात नाही. तार तुटल्यावर तू तो नीट जोडतोस, चुकवून पुढे ढकलीत नाहीस, तेव्हा जो या चटईवर बसेल त्या अनोळखी माणसाचा विचार तुझ्या हातात असतो. ती पूजाच आहे. आवाजात नाम ऐकू येत नाही ही तक्रार खरी. पण ताणा पाळीवर जाण्यापूर्वी लावायचा असतो, पाळीत नव्हे. रात्रपाळी असेल तर तुझी पहाट संध्याकाळी. हरिपाठ तेव्हा म्हण. घड्याळ देवाचे नाही, आपले आहे.

तो ऐकून घेऊन थांबला. मग म्हणाला, "आणि पगाराचे?"

सभा एकदम गप्प झाली. समोर दोन-तीन कारखानदारही बसलेले होते. सप्ताहाला त्यांचीच वर्गणी मोठी असते, हे सर्वांस ठाऊक. वाचकहो, येथे निरूपणकाराचा खरा कस लागतो. कर्म हीच पूजा, हे मजुराला सांगणे सोपे आहे. तेवढेच सांगून पोथी बांधली तर त्याचा अर्थ एवढाच होतो की तू पूजा कर आणि नैवेद्य आम्ही खातो.

म्हणून विनोबाजींची गोष्ट सांगितली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी रविवारी रविवारी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ते पुस्तक आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे. त्या तुरुंगातून सुटल्यावर विनोबा वर्ध्याजवळ नालवाडीस राहिले आणि रोज तासन्‌तास कातू लागले. हेतू असा की कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तेवढ्यावरच आपण जगून पाहावे. जगणे किती कठीण आहे ते त्यांना स्वतःच्या पोटाने कळले. १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्यांना पोटापुरते मिळेल अशी मजुरी वाढविण्याचे ठरविले, आणि खादी त्यामुळे महाग झाली तरी गांधीजींनी तो आग्रह सोडला नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३६ मध्ये, आपल्या यावल तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले. नंदलाल बोस यांनी बांबू आणि चटया घेऊन ते नगर सजविले होते. २५ डिसेंबरला गांधीजींनी तेथील खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन उघडले. चटया तेव्हाही खानदेशच्या पाहुण्यांच्या स्वागताला होत्या, आणि त्या विणणाऱ्याला काय मिळाले पाहिजे याचा विचार करणारी माणसे त्याच मांडवात होती.

मी कारखानदारांकडे पाहूनच म्हटले की सप्ताहाची पावती फाडताना जो हात सैल होतो, तो महिन्याच्या सात तारखेलाही सैल व्हावा. विठोबाला वर्गणी कमी पडली तर तो कमरेवरचे हात काढून घेणार नाही. मजुराला मजुरी कमी पडली तर त्याच्या घरची माळ तुटते, आणि ते सूत पुन्हा ओवून देणे आमच्या हाती राहत नाही.

त्यातील एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी आले नाहीत. दुसरे आले, आणि नेहमीच्या जागेऐवजी त्या तरुणाच्या जवळ चटईवर बसले. काय बोलले ते मला ऐकू आले नाही. काकड्यासाठी वात वळायची होती, तेव्हा त्या माउलींनी दोघांच्याही हातात कापूस दिला. कारखानदारांना वळता येईना, पीळ राहीना. मुलाने दाखविले.